टेक्सासमधल्या छोट्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला काही भवितव्य असतं का? १ए ते ६ए ही वर्गवारी कशी ठरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीहून वेस्ट टेक्सासमधल्या एका लहान गावात बिऱ्हाड हलवताय, मुलगा नववीत जाईल, तिथल्या शाळेचा संघ १ए मध्ये आहे, ही वर्गवारी कशावर ठरते आणि ‘इतक्या छोट्या शाळेच्या’ संघाला पुढे काही भवितव्य असतं का.

‘इतक्या छोट्या’ हे दोन शब्द वाचले आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण हेच शब्द, याच सुरात, माझ्या साडूंनी २०१९ च्या लक्ष्मीपूजनाला मला ऐकवले होते. त्यांच्याकडे येतोच.

आधी वर्गवारी. ती पटसंख्येवर ठरते, बास. संघ किती चांगला, मैदान कसं, गेल्या वर्षी किती जिंकले, कशाचाही संबंध नाही. नववी ते बारावीची डोकी मोजायची. सरकारी शाळांच्या स्पर्धा यूआयएल नावाची संस्था चालवते. विषम वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पट मोजतात, त्याला म्हणतात स्नॅपशॉट डे. पुढच्या फेब्रुवारीत त्यावरून दोन वर्षांसाठी गट आणि जिल्हे (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांच्या तुकड्या) जाहीर होतात. २०२४ च्या फेरीत २,२७५ आणि त्याच्या वर पट असलेल्या शाळा ६ए मध्ये गेल्या आणि १०४.९ पर्यंतच्या १ए मध्ये. हो, पॉइंट नऊ. टेक्सासमध्ये मुलंही दशांशात मोजतात. मधल्या गटांचे आणखी दोन-दोन तुकडे पडतात, ते तुम्हाला लागायचं नाही. तुम्हाला लागेल ते हे, की १ए म्हणजे सहा जणांचं फुटबॉल. अकरा नव्हे, सहा.

आम्ही २०१८ ते २०२१ अशी तीन वर्षं ॲबिलीनच्या पश्चिमेला तासा-दीड तासावरच्या एका गावात काढली. बायको डॉक्टर, जे-वन व्हिसाची सूट (म्हणजे दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीतून सुटका) हवी तर तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं, म्हणून तिथे. मी घरून काम करणारा, म्हणजे गावाच्या दृष्टीने दिवसभर रिकामा माणूस. हायस्कूलचा पट सत्तेचाळीस. पंचवीसच्या आसपास मुलगे, त्यातले खेळू शकणारे, खेळू इच्छिणारे आणि गणितात पास झालेले (नापास मुलाला खेळता येत नाही, हा नियम तिथे कडक असतो) असे मिळून सात.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी कोच घरी आले. बाहेर एकशेचार फॅरनहाइट. टोपी हातात घेऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसले. हेच गृहस्थ इतिहास शिकवायचे, हेच शाळेची बस चालवायचे आणि मैदानावरचे पांढरे पट्टेही हेच मारायचे. बायकोने चहा दिला, आपला नेहमीचा, आलं ठेचून घातलेला. एक घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, कप हळूच खाली ठेवला, आणि म्हणाले, “मॅम, तुमचा मुलगा मला उसना हवाय.”

मुलगा चौदा वर्षांचा, अठ्ठेचाळीस किलो, बुद्धिबळ खेळणारा. मला हसू आलं. बायकोला नाही आलं. डोक्याला मार लागून आलेली मुलं तिने पाहिली होती, तिने सरळ नाही म्हटलं. कोच वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, सात आहेत, दोघांना दुखापत झाली की पाच उरतात, मग हंगाम संपला. आणि शुक्रवारचा सामना गेला की या गावात शुक्रवारी दुसरं काही नाही.

मी गप्प बसलो, कारण मला आमचे अण्णा दिसत होते. अण्णा जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. जूनमध्ये सायकल काढून वाड्या-वस्त्यांवर फिरायचे, “पोराला पाठवा हो शाळेत, पट कमी पडतोय.” असाच कुणाच्या तरी ओसरीवर अर्धा प्यायलेला चहा. साडेआठ-नऊ हजार मैलांवर मागे सुटलं असं वाटलेलं माणूस माझ्या दिवाणखान्यात टोपी चुरगाळत बसलं होतं.

तर मुलगा खेळायला लागला. बायकोची अट एकच, घरच्या प्रत्येक सामन्याला ती बाजूला उभी राहणार, आणि तिने बाहेर काढलं की काढलं. कोचना काय, फुकटात डॉक्टर मिळाली.

या खेळाविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने हा प्रकार काढला, कारण लहान शाळांना अकरा पोरं जमेनात. टेक्सासने १९३८ ला उचलला. मैदान ऐंशी यार्ड लांब, चाळीस रुंद. चार प्रयत्नांत दहा नव्हे, पंधरा यार्ड काढायचे. किक मारून केलेल्या फील्ड गोलचे तीनऐवजी चार गुण. स्नॅप, म्हणजे खेळ सुरू करताना मागे दिलेला बॉल, ज्याच्या हातात येतो त्याला थेट पुढे पळता येत नाही, आधी बॉल दुसऱ्याकडे गेला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहाही जण पास झेलू शकतात, सेंटरसुद्धा. अकरा जणांच्या खेळात सेंटर बिचारा जन्मभर बॉल मागे देतो आणि अंगावर माणसं घेतो, पास त्याच्या नशिबात नसतो. आमचं चिरंजीव सेंटर.

आता २५ ऑक्टोबर २०१९. स्नॅपशॉट डे आणि घरचा सामना एकाच शुक्रवारी. अण्णा तेव्हा आमच्याकडे आले होते. सकाळी मी त्यांना समजावून सांगितलं की आज राज्यभर पट मोजतात. ते खुर्चीत सरळ झाले. “म्हणजे पटपडताळणी!” २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात सगळ्या शाळांत तीन दिवस झाली होती ती, पोरांच्या बोटांना शाई लावून. अण्णांच्या शाळेचा पट खरा निघाला, ही त्यांची आयुष्यातली मिरवायची गोष्ट. मी सांगितलं, इथे पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो, म्हणून शाळेला मुलं जास्त हवीत. पण पट हद्दीच्या वर गेला तर वरच्या गटात ढकलतात, तिथे मोठ्या शाळांचा मार खायचा. अण्णांनी विचार केला. “पैशासाठी पट वाढवायचा आणि खेळासाठी कमी ठेवायचा? मग हेडमास्तर झोपतो कधी?” वर्गवारीवर याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही.

रात्री मी साखळीवर होतो. म्हणजे पंधरा यार्ड पुरे झाले का ते मोजायची साखळी, दोन टोकांना दोन दांडे, बाजूच्या रेषेवर धरून उभं राहायचं. गावात पुरुष कमी, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलेलं. अण्णा स्टँडमध्ये, कानटोपी, मफलर आणि हातात फ्रिटो पाय. (मक्याच्या चिप्सवर खिम्याचा तिखट रस्सा आणि चीज. मिसळीची सख्खी नसली तरी चुलतबहीण. अण्णा माळकरी, त्यांना बायकोने खालच्या नुसत्या चिप्स दिल्या होत्या.) दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही वीस गुणांनी मागे. मुलाने बॉल मागे दिला, समोरच्याच्या खांद्याला खांदा लावला, मनात दोन आकडे मोजले आणि सुटला. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही, कारण दोन वर्षांत त्याच्याकडे कुणी बॉल फेकलाच नव्हता. पास उंच आला, डगमगत, भोवऱ्यासारखा. त्याने तो छातीशी कवटाळला, दोन्ही हातांनी, बाळ धरावं तसा, आणि पळाला.

मीही पळालो. दांड्यासकट. साखळीच्या दुसऱ्या टोकाला गावातला पोस्टमन होता, तो फरफटत दहा पावलं आला. टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे पोचला की ते) झाल्यावर पंच माझ्याकडे चालत आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सर, साखळीवाल्यांना बाजू नसते.” मी माफी मागितली, दांडा जागेवर नेऊन ठेवला, तर साखळीला मोठी गाठ बसलेली.

हाफटाइमला तोच मुलगा खांद्यांवरची पॅडं तशीच ठेवून बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला उभा राहिला. बँड नऊ जणांचा, त्यातले तीन संघातले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ६५–२० झालं आणि सामना थांबला, कारण हाफटाइमनंतर पंचेचाळीसची आघाडी झाली की खेळ तिथेच बंद. त्याला तिकडे ‘पंचेचाळीस लागले’ असंच म्हणतात. आम्हाला त्या हंगामात चारदा लागले.

दुसऱ्या दिवशी चार तास गाडी हाकून आम्ही डॅलसच्या उत्तरेला साडूंकडे दिवाळीला. मी सामन्याची गोष्ट सांगितली, गाठीसकट. सगळे हसले. साडू म्हणाले, “पण सहा जणांचं कसलं फुटबॉल? गच्चीवरचं क्रिकेट ते, एक टप्पा आउट. इतक्या छोट्या शाळा चालवतातच कशाला? चार शाळा एकत्र करा, एक धड संघ होईल.” मग मला मुद्दाम ॲलन या गावातलं हायस्कूल स्टेडियम दाखवायला घेऊन गेले. अठरा हजार खुर्च्या, सहा कोटी डॉलर, २०१२ मध्ये बांधलेलं. दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि २०१४ चा अख्खा हंगाम ते बंद राहिलं, हे मात्र सांगायला विसरले. मी तेव्हा बोललो नाही. सासुरवाडीच्या दिवाळीत साडूंशी भांडायचं नसतं.

इथे बोलतो. त्यांचा मुलगा तिथल्याच एका प्रचंड शाळेत (नाव घेत नाही) तीन वर्षं संघात होता. खर्च, खासगी ट्रेनर, उन्हाळी शिबिरं, सगळं झालं. मुख्य संघाच्या सामन्यात तो एकूण किती मिनिटं मैदानावर उतरला, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. माझ्या अठ्ठेचाळीस किलोच्या पोराला मात्र श्वास घ्यायलासुद्धा बाहेर येता येत नव्हतं, हल्ल्यालाही तोच आणि बचावालाही तोच. कुणाचं फुटबॉल खरं? आणि जॅक पार्डी ख्रिस्टोव्हल नावाच्या खेड्यात सहा जणांचंच फुटबॉल खेळला, तिथून टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेला, मग लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाकडून लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) झाला आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये कोचही. हे मी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. साडूंनी अंगठा दाखवला, बास.

आता तुमचं भवितव्य. जिंकण्याच्या दृष्टीने विचाराल तर छोट्या शाळेचा संघ म्हणजे चार-पाच वर्षांचं चक्र. एका वर्गात तीन दणकट पोरं आली की दोन वर्षं दबदबा, ती पास होऊन गेली की पुन्हा पंचेचाळीस. खनिज तेलाचा भाव चढला की भाड्याच्या घरांत कामगारांची कुटुंबं येतात, पट वाढतो. उतरला की दोन महिन्यांत घरं रिकामी. पवनचक्क्यांच्या कराचा पैसा मिळालेल्या शाळांची मैदानं पाहाल तर थक्क व्हाल, आणि शेजारच्याच गावात स्टँडच्या फळ्या मोडलेल्या. त्यामुळे शाळेचा गेल्या वर्षीचा निकाल बघू नका, सातवी-आठवीत किती मुलगे आहेत ते विचारा. तोच पुढच्या चार वर्षांचा अंदाज.

वर्गवारी न्याय्य आहे का? नाही. १ए मध्ये पन्नासच्या आतली शाळा आणि शंभराची शाळा, म्हणजे दुपटीचा फरक, म्हणून फुटबॉलसाठी १ए चेही दोन तुकडे केलेत. ६ए ला तर वर छप्परच नाही. बाकी राज्यांत आणखी गंमत आहे. इलिनॉयमध्ये खासगी शाळांचा पट १.६५ ने गुणून मोजायची पद्धत आहे. इंडियानामध्ये सतत जिंकणाऱ्याला वरच्या गटात टाकतात. टेक्सासमध्ये खासगी शाळा बहुतेक वेगळ्याच संघटनेत खेळतात, म्हणून ते भांडण इथे कमी.

काही गोष्टी राहिल्या. मुलाला मोठ्या कॉलेजच्या संघात शिष्यवृत्तीवर जायचंच असेल तर साडूंचं बरोबर आहे, शोधायला येणारी माणसं आमच्या गावापर्यंत क्वचितच येतात. पार्डीचा काळ वेगळा होता. परगावचा सामना म्हणजे दोन-दोन तास बस, मुलगा रात्री एकला घरी. आणि डोक्याला मार लागण्याचा धोका छोट्या मैदानावर कमी होत नाही. सात पोरांच्या संघात बाहेर बस म्हणणं कोचला जड जातं, ते तुम्हालाच म्हणावं लागेल. आमच्याकडे बायकोने दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा संघ सहाचा पाच झाला आणि गावात आठवडाभर तिच्याशी कुणी नीट बोललं नाही. ती आजही म्हणते, बरोबर केलं. मीही म्हणतो, आता.

सामान लावून होण्याआधीच कोच घरी येतील. चहात आलं कमी घाला.