ताबा परत घेण्याचा प्रयोग आखताना

स्वयंचलित गाडीने ‘आता तू चालव’ असा इशारा दिल्यावर चालक ताबा कसा परत घेतो, यावरचा पहिलाच प्रयोग आखताना, त्याचे हात स्टिअरिंगवर यायला किती सेकंद लागले एवढंच मोजू नकोस. हात लगेच येतात, रस्त्यावर काय चाललंय ते कळायला वेळ लागतो. म्हणून पुढचं बघ: गाडी लेनमध्ये किती डगमगली, आरशात नजर गेली का, ब्रेक उगाच करकचून दाबला का. माझ्या मते खरी माहिती तिथेच सापडते.

इशारा पाचव्या मिनिटाला देऊ नकोस, कंटाळा येऊ दे. नुसत्या देखरेखीत लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच ढळतं, हे मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे चुकलेल्या चालकाला अहवालात ‘निष्काळजी’ म्हणू नकोस. सिम्युलेटरमध्ये मळमळतंय का, हेही अधूनमधून विचार. मळमळत असेल तर तिथेच थांबव.