मॅडम, कुठली टेस्ट लावू?

प्रश्न: मी मेडिकल कॉलेजमध्ये पीजीच्या मुलांना रिसर्च मेथडॉलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते. लेक्चर्स नीट होतात, पण थिसिसचा डेटा गोळा झाला की मुलं एक्सेल शीट घेऊन येतात आणि एकच विचारतात, मॅडम कुठली टेस्ट लावू? यंदा दोन महिने हातात आहेत. सुरुवात कुठून करू आणि सॉफ्टवेअर कुठलं शिकवू?

उत्तर: मॅडम, मुलं ढ नाहीत हो, आपला क्रम चुकतोय. सरासरी, एसडी म्हणजे आकड्यांचा पसारा, मग टी टेस्ट, काय-स्क्वेअर या गटांमधला फरक तपासायच्या टेस्ट, असं करत आपण पुस्तक संपवतो आणि त्यांना वाटतं रिसर्च म्हणजे शेवटी एक टेस्ट लावणं. प्रयोग संपल्यावर स्टॅटिस्टिशियनला गाठणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं, असं स्टॅटिस्टिक्समधला दिग्गज रोनाल्ड फिशर 1938 मध्येच सांगून गेलाय.

पहिले दोन आठवडे मी फक्त प्रश्नावर घालवते. पेशंट कोण, द्यायचं काय, तुलना कशाशी, मोजायचं काय आणि कधी. मग थिसिसची टेबलं काढायला लावते, रकाने आखलेले पण आकडा एकही नाही. इथे मुलं अडतात आणि अडायलाच हवीत, कारण टेबल आखता येत नाही म्हणजे प्रश्नच अजून ठरलेला नाही. ते जमलं की उत्तर हो-नाही आहे की मोजमाप, गट वेगळे आहेत की तेच पेशंट आधी आणि नंतर, हे समोर दिसतं आणि टेस्टचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

मग एक घाण शीट द्या. 10 पेशंट, 9 जणांचं सरासरी वय 30, दहाव्याचं माहीत नाही म्हणून तिथे 999 टाकलेलं. सरासरी काढा म्हणायचं, 126.9 येते, आणि त्यानंतर डेटा साफ करा असं वेगळं सांगावं लागत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता तास. टीबीवरची स्ट्रेप्टोमायसिनची 1948 ची ट्रायल घ्या. औषध आणि बेड रेस्ट मिळालेले 55, नुसती बेड रेस्ट मिळालेले 52, सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 गेले, दुसऱ्यात 14. साध्या कॅल्क्युलेटरवर करू द्या. 7 टक्के आणि 27 टक्के, फरक साधारण 20, म्हणजे पाच जणांना औषध दिलं की एक मृत्यू टळतो. हा पाचचा आकडा मुलांनी स्वतः काढला ना की चेहरे बघा! मग विचारा, औषध कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवलं असतं तर? तिथून बायस म्हणजे निवडीतला कल, रँडम नंबर, बंद पाकिटं सगळं ओघाने येतं, कारण त्या ट्रायलमध्ये कुठला पेशंट कुठल्या गटात हे खरंच रँडम नंबर आणि बंद पाकिटांनी ठरवलं होतं.

पी व्हॅल्यू यानंतरच काढा आणि घाई करू नका. 0.03 म्हणजे औषध निकामी असण्याची शक्यता 3 टक्के, असं निम्मा वर्ग सांगणार, आणि ते चूक आहे. औषधाने काहीच फरक पडत नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता 3 टक्के. हे वाक्य प्रत्येकाकडून स्वतःच्या शब्दांत वदवून घ्या, आणि सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, लिहिल्याशिवाय टेबल तपासूच नका.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आर (R) नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घ्या, पण दुसऱ्या महिन्यात, आणि सुरुवात त्याच 4 आणि 14 पासून करा म्हणजे मशीनचं उत्तर मुलांना स्वतःच्या वहीशी ताडून बघता येईल.