ग्रहणाचा फोटो काढायला कॅमेऱ्याचा फिल्टर घरी बनवता येतो का?

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. तुम्ही विचारलंय की २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाचा फोटो कोल्हापुरातून काढायचाय, कॅनन आणि ५५-२५० लेन्स आहे, तयार फिल्टर महाग पडतोय, तर घरातल्या जुन्या एक्स-रे फिल्म दोन-तीन थर करून लेन्सवर लावल्या तर चालतील का. एक्स-रे लावू नका. फिल्टर मात्र घरी नक्की बनवा, मी स्वतः घरीच बनवलेला वापरतो आणि २५ ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीत जे ग्रस्तास्त ग्रहण झालं, म्हणजे ग्रहण चालू असतानाच सूर्य मावळला, ते त्याच फिल्टरने रंकाळा तलावावरून काढलंय. फक्त घरी बनवायची ती फिल्टरची चौकट आणि रिंग, त्यात बसवायची फिल्म मात्र सूर्यासाठीच बनवलेली विकत घ्यायची, यात तडजोड नाही.

एक्स-रेचं काय होतं सांगतो. आपल्याला त्यातून सूर्य मंद दिसतो म्हणून वाटतं की झालं काम, पण डोळ्याला जे दिसतं त्याच्यापलीकडे इन्फ्रारेड पण असतं आणि ते किती अडतंय हे आपल्याला बघून कळत नाही. शिवाय एक्स-रेवर हाडं कुठं पांढरी, कुठं काळी, म्हणजे प्रत्येक ठिकाणी गाळणी वेगळी, आणि हल्ली सेंटरवर जे प्रिंट मिळतात ते तर जुन्या चांदीच्या फिल्मसारखे नसतातच. जुन्या कलर निगेटिव्हची काळी पट्टी, सीडी, फ्लॉपीच्या आतली चकती, काजळी धरलेली काच, दोन-दोन गॉगल, हे सगळं त्याच माळेतलं. परातीत हळदीचं पाणी ठेवून त्यात ग्रहण बघायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, ते पण डोळ्याला सुरक्षित नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, भाजत असताना काही जाणवत नाही, आणि काही तासांनी नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग दिसायला लागतो. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा असेल आणि तुम्ही डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधून बघणार असाल तर २५० च्या लेन्सने गोळा केलेलं ऊन थेट डोळ्यात येतं, नुसत्या डोळ्याने बघण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून मी एवढं जोर देऊन सांगतोय.

बऱ्याच जणांकडे धबधब्याच्या फोटोसाठी घेतलेला एनडी १००० म्हणजे प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर असतो, त्यांनाही वाटतं हा चालेल. त्याचा हिशोब असा, एनडी १००० हजारातला एक भाग प्रकाश आत सोडतो आणि सूर्याच्या फिल्टरने लाखातला एक भाग सोडायला हवा, म्हणजे शंभर पट कमी पडला, आणि साधे एनडी इन्फ्रारेड अडवतीलच याची खात्री नसते.

फिल्म कुठली घ्यायची. मी बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर वापरतो, चांदीसारखी चकचकीत असते, ए-४ च्या आसपासच्या शीटमध्ये मिळते, ऑनलाइन किंवा दुर्बिणी विकणाऱ्यांकडे. घेताना त्यावरचा आकडा बघा, तो प्रकाश किती अडतो ते सांगतो, ५.० लिहिलेलीच घ्या. त्यांचीच ३.८ ची पण येते, ती फक्त फोटोसाठी आहे, त्यातून डोळ्याने बघायचं नाही, आणि घरात पोरंबाळं असतात, कोण कधी कॅमेऱ्याला डोळा लावेल सांगता येत नाही, त्यामुळे ३.८ च्या वाटेला जाऊच नका. दुसरा प्रकार काळ्या पॉलिमरचा, थाउजंड ओक्स वगैरे, त्यातून सूर्य केशरी दिसतो, बाडरमधून पांढरा, किंचित निळसर. लोकांना केशरी आवडतो, मला पांढरा, कारण त्यात सूर्यावरचे डाग जास्त साफ दिसतात. एका शीटमध्ये तुमचा फिल्टर होऊन वर मित्रासाठी, मोबाईलसाठी तुकडा उरतो, म्हणून दोघा-तिघांत मिळून घेतली तर पैशाचं ओझं वाटत नाही.

वेल्डिंगची काच हा आपल्या उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, मिळू शकणारा पर्याय, पण नंबर नीट विचारा. वर्कशॉपमध्ये साधारण १० किंवा ११ नंबर वापरतात, तो सूर्यासाठी पुरत नाही. ग्रहणाच्या चष्म्याचं जे आयएसओ १२३१२-२ मानक आहे त्याच्या हद्दीत १२ आणि त्यापुढच्या काचा येतात, आणि फोटोसाठी माझं मत १४ घ्या. सूर्य हिरवागार येतो, तो व्हाइट बॅलन्सने किंवा ब्लॅक अँड व्हाइट करून मारता येतो, पण ती काच लेन्ससाठी घासलेली नसते, त्यामुळे सूर्याची कड मऊ येते, कधी शेजारी दुसरा पुसट सूर्य पण उमटतो. दोन कमी नंबरच्या काचा एकावर एक ठेवायचा उद्योग करू नका.

आता जोडणी. लेन्सच्या पुढच्या तोंडाला बाहेरून दोरी गुंडाळून घेर मोजा. ५५-२५० झूम केल्यावर पुढची नळी बाहेर येते, तर रिंग त्या पुढच्या नळीवर बसायला हवी, मागच्या जाड भागावर बसवली तर झूम करताना अडकते. पुठ्ठा म्हणून लग्नपत्रिका सगळ्यात बेस्ट, जाड पण वळणारी, आणि कोल्हापुरात कुठल्याही घरात गठ्ठा निघतो. चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापा, लेन्सवर आधी साध्या कागदाचे दोन वेढे घ्या आणि मग त्यावर पट्टीचे तीन-चार वेढे फेविकॉल लावत गुंडाळा. तो आतला कागद नंतर काढून टाकायचा, म्हणजे रिंग लेन्सवर घट्ट पण सहज सरकते, उन्हात पुठ्ठा थोडा फुगला तरी अडकत नाही. रात्रभर वाळू द्या. घाई केली की रिंग अंडाकृती होते आणि मग एका बाजूने फट राहते.

दुसरीकडे पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, मधे भोक लेन्सच्या काचेपेक्षा किंचित मोठं. एका चकतीवर भोकाभोवती डबल टेप लावा. फिल्म कापताना ती दोन कागदांच्या मधे धरूनच कात्री चालवा, बोट लागू देऊ नका, तेलकट ठसा पुसायला गेलात की वरचा थर निघतो. मग फिल्म टेबलावर सपाट ठेवून चकती वरून अलगद टेकवायची, ओढायची नाही. ही गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते. फिल्म ताणून गुळगुळीत केली की फोटो खराब येतो, आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडलेली सैल फिल्म असली तरी फोटो मस्त येतो, कारण ती इतकी पातळ असते की सुरकुतीने प्रकाश फारसा वाकत नाही, पण ताण दिला की तिचा थर जागोजागी बदलतो. वरून दुसरी चकती चिकटवा, हे सँडविच रिंगच्या तोंडावर फेविकॉलने बसवा, सांध्यावर बाहेरून काळी इन्सुलेशन टेप फिरवा, आत काळा कार्डपेपर लावा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या गावात पुठ्ठ्याची रिंग कुणालाही जमेल. आणि पुठ्ठा नकोच असेल तर उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची काढून मिळेल, आणि पावसात तीच जास्त टिकते हेही खरं.

तयार झाल्यावर अंधाऱ्या खोलीत मागून जोरदार टॉर्च लावून फिल्म बघा, टॉर्चचा झोत फक्त फिल्मवर राहील असं धरा. सुईच्या टोकाएवढं जरी भोक चमकलं तरी ती फिल्म बदला. हे दरवेळी वापरायच्या आधी करायचं, एकदाच नाही. ठेवायला स्टीलचा डबा घ्या, बॅगेत तसाच टाकू नका.

फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढे. मागे, आयपीसवर (डोळा लावायच्या काचेवर) किंवा कॅमेऱ्याच्या आत लावायचा विचारसुद्धा नको, तिथं ऊन एकवटतं आणि फिल्टर तडकतो किंवा जळतो. आधी फिल्टर चढवा आणि मगच लेन्स सूर्याकडे करा, उतरवताना आधी लेन्स खाली करा. वाऱ्याने उडू नये म्हणून रिंग आणि लेन्स मिळून टेपचे दोन तुकडे लावा, रंकाळ्यावर संध्याकाळी वारा किती असतो माहीतच आहे तुम्हाला. फ्रेमिंग मागच्या स्क्रीनवर बघूनच करा.

सेटिंग म्हणाल तर मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ ८, शटर साधारण १/४०० पासून सुरू करा आणि त्यापेक्षा जलद आणि सावकाश अशा दोन्ही बाजूंना दोन-तीन फोटो घ्या. सूर्य खाली उतरला किंवा ढगाचा पातळ पडदा आला की शटर सावकाश करत जायचं. ऑटो फोकस बंद, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून सूर्याच्या कडेवर किंवा एखाद्या डागावर फोकस करा. ट्रायपॉड असेल तर स्टॅबिलायझर बंद. २५० ला सेन्सरवर सूर्याची प्रतिमा जेमतेम २.३ मिलिमीटर पडते, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा सहावा-सातवा भाग, बघून निराश होऊ नका, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो सहाशे पिक्सेल रुंद निघतो आणि क्रॉप केला की छान दिसतो. दोन मिनिटांत सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे कॅमेरा एकदा लावला की झालं असं होत नाही, सारखं सरकवत बसावं लागतं.

या सगळ्याची प्रॅक्टिस ग्रहणाच्या दिवसापर्यंत थांबून करायची गरज नाही. सूर्य रोज तोच आणि तेवढाच असतो. कुठल्याही निरभ्र सकाळी गच्चीवर जाऊन फोटो काढा, डाग दिसतायत का बघा, एक्स्पोजर वहीत लिहून ठेवा. ग्रहणाच्या दिवशी हात आपोआप चालतो.

मोबाईलवाल्यांसाठी एवढंच की उरलेला तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून कॅमेऱ्यावर टेपने लावा, स्क्रीनवर सूर्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ब्राइटनेस खाली ओढा. सूर्य टिकलीएवढाच येणार.

आता तुमच्या तारखेबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावस्या म्हणजे दिव्यांची अवस. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्कोपासून इजिप्त, सौदी, येमेनवरून जातो, लक्सरजवळ सहा मिनिटांच्या वर खग्रास आहे. आपल्याकडे खंडग्रास, तेही दुपार टळल्यावर, सूर्याचा थोडाच भाग झाकला जाईल. म्हणजे आपल्याकडे फिल्टर काढायची वेळ एक सेकंदही येत नाही, खग्रास बघणारे मधल्या काळात काढतात ते व्हिडिओ बघून इथं तसं करू नका. आणि ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे पंचगंगेची पातळी बघत बसायचे दिवस. ढगातून सूर्य पुसट दिसला की लोकांना मोह होतो, फिल्टर काढून दोन फोटो मारू. आपल्या पावसाळ्यात ढग क्षणात फाटतो आणि तेव्हा लेन्स उघडी असते, डोळा व्ह्यूफाइंडरला असतो. फिल्टर लावून ढगातून काहीच आलं नाही तर नाही आलं, तो फोटो सोडून द्या.

त्यापेक्षा एक दिवस सुट्टी काढून पूर्वेला सरका. गगनबावड्याकडे तर जाऊच नका, तिथं सह्याद्रीला ढग टेकलेले असतात. शिरोळ, मिरज ओलांडून जत किंवा सांगोल्याकडे गेलात तर पाऊस झपाट्याने कमी होत जातो, कोरडा भाग आहे तो, ढगातून फट मिळायची शक्यता जास्त. आदल्या दिवशी सॅटेलाइटचे ढगांचे फोटो बघूनच दिशा ठरवा आणि पश्चिमेला झाडं-इमारती नसलेली जागा निवडा. तिथं एखादं मोठं झाड असेल तर त्याच्या सावलीतही बघा, पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल एका बाजूने चावल्यासारखे दिसतील, घरातली चाळण धरली तरी तेच, आणि त्यांचा फोटो काढायला कुठलाच फिल्टर लागत नाही.

फिल्म आत्ताच मागवून ठेवा, ग्रहण जवळ आलं की सगळीकडे संपते आणि नकली माल फिरायला लागतो. तुमच्या लेन्सच्या पुढच्या नळीचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून इथं लिहा, रिंगच्या पट्टीची लांबी किती घ्यायची ते काढून देतो.