पहाटे बोटं मुरडतात तेव्हा

प्रश्न : माझे यजमान ६९ वर्षांचे आहेत. सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. पहाटे पाचच्या सुमारास डाव्या पायाची बोटं आत मुरडतात, पाऊलही आत वळतं, फार दुखतं. मी जोर लावून बोटं सरळ करते. हे बरोबर आहे का? कोणता व्यायाम करावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जोर लावू नका. फिजिओथेरपिस्ट असूनही माझ्या बाबांच्या पायाशी मी आधी तेच केलं, आणि ते कळवळले. ओढलं की स्नायू आणखी आवळतो.

अशी पहाटेची मुरड बहुतेकदा रात्रीच्या लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीचा) असर उतरल्यामुळे येते. म्हणून आधी एक वही करा. गोळी किती वाजता घेतली, मुरड कधी आली, कधी सुटली, एवढंच लिहा. बाबांच्या वहीत आठवड्याभरात दिसलं, की सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासाने बोटं आपोआप सुटतात. वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळीची वेळ तेच बदलतील, परस्पर डोस वाढवू नका.

मुरड आलेली असताना एका हातात टाच धरा, दुसरा तळहात त्यांच्या तळव्याला सपाट लावा आणि पाऊल अगदी हळू नडगीकडे आणा.

पोटरी ताणायची ती गोळी लागू पडल्यावर. ती आखडली की टाच आधी टेकत नाही, पाऊल घासत जातं आणि उंबऱ्याला ठेच लागते. भिंतीला दोन्ही हात, एक पाय मागे, त्याचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. तुम्ही शेजारी उभ्या राहा. तोल जात असेल तर पलंगावर पाय लांब करून बसवा, चवड्याला पंचा अडकवून त्यांनाच हळूहळू ओढू द्या. बाबा आकडे मोठ्याने मोजायचे. आवाज बारीक झाला होता, त्यालाही तेवढाच व्यायाम.

मुरडलेली बोटं बुटात घासतात, म्हणून रोज रात्री शेंडे आणि बेचक्या बघा. नखं आंघोळीनंतर सरळ कापा, कोपरे कोरू नका. मधुमेह असेल तर हे काम जाणकाराकडे द्या. अंगठ्याची चप्पल बंद करा, ती पायात टिकवायला बोटं सारखी आवळावी लागतात. मागे पट्टा असलेली हलकी सँडल घ्या.

घोट्यांना नव्याने सूज आली किंवा कातडीवर जाळीसारखे जांभळट डाग दिसले, तर ॲमंटाडिन (पार्किन्सन्सचंच एक औषध, त्याने असं होऊ शकतं) चालू आहे का पाहून डॉक्टरांना कळवा. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.