अन्नतंत्रज्ञांची संघटना वर्षभर करते तरी काय? बेळगाव भागातल्या विद्यार्थ्यानं सदस्य व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चिकोडी तालुक्यातले, फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, आणि सरांनी वर्गात 'ए.एफ.एस.टी.आय.चं सदस्यत्व घेऊन टाका' एवढंच सांगितलं. पुढं तुमचा खरा प्रश्न येतो: ही संघटना वर्षभर नेमकं काय करते, आणि ना मुंबई ना बेंगळुरू अशा आपल्या सीमाभागात राहणाऱ्याला तिचा उपयोग काय? मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या उद्योगात गुणवत्ता तपासणी बघते. गूळ पावडर, काकवी आणि थोडा मसाला हा आमचा माल. आजीव सदस्य होऊन मला बरीच वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नाव. पूर्ण नाव असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स (इंडिया). स्थापना १९५७ ची, मुख्य कार्यालय म्हैसूरला सी.एफ.टी.आर.आय.च्या आवारात. सी.एफ.टी.आर.आय. म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. ती १९५० साली चेलुवांबा राजवाड्यात सुरू झाली आणि डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांचं दूध पावडर करण्याची रीत याच संस्थेनं बसवली आणि अमूलनं ती बाजारात आणली. आपल्याकडं घरोघरी म्हैस आहे, त्यामुळं ही गोष्ट मला नेहमी जवळची वाटत आलीय. लष्कराच्या जेवणावर काम करणारी डी.एफ.आर.एल. ही प्रयोगशाळाही १९६१ पासून म्हैसुरातच आहे. एवढी माणसं एका गावात, म्हणून संघटनाही तिथंच रुजली.

आता वर्षाचा क्रम. सगळ्यात मोठं काम म्हणजे वार्षिक अधिवेशन, ज्याला सगळे 'इकफोस्ट' म्हणतात. ते बहुधा थंडीत भरतं, दर वर्षी वेगळ्या गावी, आणि यजमानपद त्या त्या शाखेकडं किंवा विद्यापीठाकडं असतं. दर पाच वर्षांनी त्याच्या जागी 'इफ्कॉन' हे आंतरराष्ट्रीय अधिवेशन होतं. पहिलं १९८८ साली झालं. २०१३, २०१८ आणि २०२३ ची इफ्कॉन म्हैसुरात सी.एफ.टी.आर.आय.मध्येच भरली होती. अधिवेशनात व्याख्यानं, शोधनिबंध, पोस्टर (म्हणजे मोठ्या कागदावर मांडलेलं आपलं काम), यंत्रं आणि घटकपदार्थ विकणाऱ्यांचे स्टॉल, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा, शिवाय संघटनेची सर्वसाधारण सभा आणि पुरस्कार. एक पुरस्कार डॉ. सुब्रह्मण्यन यांच्या नावानं उद्योगातल्या कामगिरीसाठी आहे, एक तरुण शास्त्रज्ञांसाठी, एक उत्तम विद्यार्थ्यासाठी. लालजी गोधू स्मारक निधीचाही पुरस्कार आहे. तुमच्या आईच्या फोडणीच्या डब्याशेजारी एलजी हिंगाची डबी असेल तर त्यातला 'एल' आणि 'जी' म्हणजे हेच नाव.

अधिवेशनाखेरीज वर्षभर चालणारी दोन कामं आहेत. एक प्रकाशनं. 'जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी' १९६४ पासून निघतं, आता ते स्प्रिंगर या प्रकाशन संस्थेमार्फत प्रसिद्ध होतं. उद्योगातल्या वाचकांसाठी 'इंडियन फूड इंडस्ट्री' हे वेगळं नियतकालिक आहे. जर्नलमधले बरेच जुने लेख पबमेड सेंट्रल या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. सदस्यत्वाचे पैसे हाताशी नसतील तर आज रात्रीच तिथं जाऊन 'जॅगरी' शब्द टाकून बघा.

दुसरं काम शाखांचं. मुंबई, बेंगळुरूसारख्या शहरांत शाखा आहेत. त्या व्याख्यानं, कार्यशाळा, कारखान्यांना भेटी, प्रश्नमंजूषा असं काही ना काही घेत असतात. ७ जूनला जागतिक अन्नसुरक्षा दिन आणि १६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन, या दोन तारखा बहुतेक ठिकाणी पाळल्या जातात.

माहितीपत्रकात एवढं सगळं तुम्हाला मिळेलच. माझ्याकडं सांगण्यासारखं आहे ते पोस्टरचं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्या गूळ पावडरीनं आम्हाला रडवलं होतं. मिरग लागला की पाकिटात गुठळ्या, आणि श्रावणापर्यंत काही पाकिटांना आंबूस वास. दुकानदार माल परत पाठवायचे. आम्ही दोन वेळा पाकिटाचा कागद बदलला. प्रत्येक घाणीची, म्हणजे एका वेळी काढलेल्या गुळाची, आर्द्रता मोजून वहीत लिहून ठेवली. आर्द्रता ठीक असूनही काही घाणी बिघडायच्या, काही नाही. आमच्या मालकांनी शेवटी 'पावसाळ्यात पावडर बंदच ठेवू' असं म्हणायला सुरुवात केली. पावडर बंद म्हणजे पाकिटं भरणाऱ्या सहा बायकांना तीन महिने काम नाही.

त्या वर्षीच्या अधिवेशनाला मी हेच आकडे घेऊन पोस्टर पाठवलं. शीर्षक साधं होतं: पावसाळ्यात गूळ पावडर कशी टिकते. निवड झाली. रात्रीच्या गाडीनं पोस्टरची गुंडाळी मांडीवर घेऊन गेले, वाकडी होईल म्हणून वरच्या बर्थवर ठेवायचाही धीर झाला नाही. पोस्टरच्या दालनात ओळीनं फळ्या लावलेल्या असतात, दिलेल्या वेळेत आपण आपल्या फळीपाशी उभं राहायचं. येणारे बहुतेक जण शीर्षक वाचून पुढं जातात. सी.एफ.टी.आर.आय.मधून निवृत्त झालेले एक वयस्कर शास्त्रज्ञ मात्र थांबले, चष्मा कपाळावर चढवून माझा तक्ता खालपासून वरपर्यंत वाचला आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला: 'यातली इन्व्हर्ट शुगर किती?'

ती मी मोजलीच नव्हती.

मग त्यांनी तिथंच उभं राहून समजावलं. उसाच्या रसातली साखर म्हणजे सुक्रोज. ऊस तोडल्यावर तो पडून राहिला, किंवा रस आंबट असताना जास्त वेळ तापला, की सुक्रोज फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार ओढतं. मग पाकीट भरताना आर्द्रता कितीही कमी असू द्या, पाकीट उघडलं किंवा त्याला बारीक छिद्र राहिलं की पावडर पाणी धरते, गुठळी होते, आणि त्या ओलसर जागी यीस्ट वाढून वास येतो. 'कागद बदलू नका, ऊस कधी तोडला ते विचारा,' असं ते म्हणाले. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर रिड्यूसिंग शुगर, म्हणजे हीच ग्लुकोज-फ्रुक्टोजची साखर, मोजण्याची लेन आणि आयनॉनची रीत लिहून दिली. फेहलिंगचं द्रावण, मेथिलीन ब्लू, ब्युरेट. कॉलेजात केलेलीच रीत, पण गुळासाठी तिचा विचार मी केला नव्हता.

परत आल्यावर मी संकेश्वरच्या पलीकडं आमच्या गुऱ्हाळावर गेले. गुळव्याला विचारलं, 'मामा, ऊस तोडल्यापासून घाण्यात जायला किती वेळ लागतोय?' ते काहिलीतली मळी काढत होते. वर न बघताच म्हणाले, 'ट्रॅक्टर मिळंल तसं. कवा येका दिवसात, कवा तीन दिस पडून. शिळ्या उसाचा गूळ पाण्याला येतोय की, हे काय नवं हाय?'

सगळं त्यांना ठाऊक होतं. चार वर्षं मी त्यांच्याकडून माल घेत होते आणि मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

त्या हंगामात आम्ही दोन ढीग वेगळे केले. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळलेला ऊस एका बाजूला, बाकीचा दुसऱ्या बाजूला. रसात चुन्याची निवळी घालताना पीएच कागदानं बघायला लागलो, कारण रस फार आंबट राहिला तर उकळतानाच साखर फुटते. पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवला जातोय का, हे मामा थंड पाण्यात थेंब टाकून ओळखतात. मी शेजारी थर्मामीटर धरला तर बहुतेक वेळा त्यांचा अंदाज एका-दोन अंशांच्या आतच निघाला. ताज्या उसाच्या ढिगातली रिड्यूसिंग शुगर प्रत्येक वेळी कमी आली. पावडर आम्ही फक्त त्या ढिगाची केली आणि दुसऱ्याचे रवे, म्हणजे ढेपा, बांधून हंगामातच विकून टाकले. पुढच्या पावसाळ्यात माल परत आला, पण मोजक्या पाकिटांचा. पावडर बंद करावी लागली नाही. आमच्या सहाही बायका कामावर राहिल्या.

म्हणून तुम्हाला सांगते, नुसतं प्रमाणपत्र घेऊन परत यायला अधिवेशनाला जाऊ नका. आपल्या गावचा, न सुटलेला प्रश्न घेऊन जा. आपल्या भागात असे प्रश्न भरपूर आहेत. कुंदा गरम हवेत चार दिवसांवर का टिकत नाही? त्यात दूध आटवताना साखर आणि प्रथिनं मिळून तो तपकिरी रंग आणि वास येतो, ही मेयार्ड अभिक्रिया तुम्ही पुस्तकात शिकलात, पण कुंद्याची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (बुरशीला, जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी) किती आणि त्यावर बुरशी कधी धरते हे मोजून बघणं वेगळं. गोकाकचा करदंट, संकेश्वरी मिरची, खानापूर भागातला तांदूळ, मांडे. मांड्याचा पापुद्रा दिवसभरात मऊ का पडतो, यावर एक सुंदर पोस्टर होईल. कुणी केलं तर मी पहिली वाचायला येईन.

सीमाभागाचं म्हणाल तर एक अडचण खरी आहे. अधिवेशनात सगळं इंग्रजीत चालतं, आपण घरी मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत कन्नड. पोस्टर लिहिण्याइतकं इंग्रजी आलं तरी पुरतं, प्रश्न कुणी हिंदीत विचारला तर हिंदीत उत्तर दिलं तरी चालतं. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून शिकलेली बरीच मंडळी तिथं भेटतात, १९७६ पासूनचं कॉलेज आहे ते, आणि चहाच्या वेळेला मराठी ऐकू येतं. कन्नड चांगलं येत असेल तर आणखी सोपं, म्हैसूर-बेंगळुरूचे लोक आपल्याशी लगेच मोकळे होतात. तीन भाषा येणं आपल्याकडं कुणी गुण म्हणून मोजत नाही. या क्षेत्रात तो मोठा गुण आहे, कारण गुऱ्हाळावरची माहिती इंग्रजीत मिळत नाही.

बेळगावात या संघटनेचे कार्यक्रम रोज होत नाहीत, हे मान्य. पण गणेशपूरची निजलिंगप्पा साखर संस्था आपल्याच गावात आहे, आय.सी.एम.आर.ची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था इथंच आहे, अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. तिथल्या कार्यक्रमांची चौकशी करत जा. साखर कारखान्यात जायचा विचार असेल तर पुण्याच्या डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आम्ही तिघी-चौघी इथं एक छोटं काम करतो. ७ जून म्हणजे बहुधा मिरगाचाच दिवस, हवेत दमटपणा यायला लागलेला असतो. त्या आठवड्यात खानापूर आणि निपाणी भागातल्या बचत गटांकडं जातो. लोणच्यावर बुरशी का येते, बरणी ओली का चालत नाही, मीठ कमी केलं तर काय होतं, पापडाच्या पाकिटावर काय छापावं लागतं. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावं लागतं आणि जोडीला मराठी-कन्नड चालतं, हे ऐकून बायका खूश होतात, कारण फक्त मराठी छापलेली पाकिटं नाकारली गेल्याचा अनुभव त्यांतल्या एकीला आलेला आहे. मागच्या वेळी एक आजी म्हणाल्या, 'तुमी शास्त्र सांगतायसा ते बरोबर, पर उन्हाळ्यातच लोणचं घालतोय आमी, पावसात घालायला आमाला येड लागलंय व्हय?' त्यांचंही बरोबरच होतं. दोन तास त्यांच्याकडून शिकूनच आम्ही परत आलो.

सदस्यत्वाचं म्हणाल तर विद्यार्थी म्हणून घ्या, ते आजीव सदस्यत्वापेक्षा स्वस्त असतं. शुल्क बदलत असतं, अर्ज भरायच्या आधी संघटनेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. अधिवेशनासाठी गोषवारा पाठवायची मुदत काही महिने आधीच संपते, त्यामुळं दिवाळीची वाट बघू नका. आत्ता, या आठवड्यात, चिकोडीजवळच्या एखाद्या गुऱ्हाळावर किंवा डेअरीवर जाऊन तिथल्या माणसाला विचारा की कुठली घाण बिघडते आणि त्याला काय वाटतं. उत्तर लिहून काढा. गोषवारा लिहायला जमत नसेल तर मराठीत लिहून मला पाठवा, इंग्रजी आपण मिळून करू.