भूमध्य समुद्रातील क्रूझ: भाड्याआधी मार्ग पाहावा

म्युनिकमधील एका वाचक भगिनीने विचारले आहे की, ठाण्यात पाचपाखाडीला राहणारे आई-वडील आणि नेरुळचे सासू-सासरे येत्या मे महिन्यात त्यांच्याकडे महिनाभर येणार असून, त्या काळात सर्वांनी मिळून भूमध्य समुद्रात आठवडाभराची क्रूझ करावी असा विचार आहे. परंतु जाहिरातींत माणशी सहाशे युरोंपासून दोन हजारांपर्यंतचे भाव दिसत असल्यामुळे किफायतशीर म्हणावे तरी कशाला, हेच कळेनासे झाले आहे. माझे उत्तर असे की, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने आधी मार्ग ठरवावा, मग जहाज, आणि भाड्याचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात.

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेले असते, पण जहाज लागते चिवितावेक्किया येथे, जे रोमपासून सुमारे सत्तर किलोमीटर दूर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे प्रत्यक्षात लिव्होर्नो, आणि तेथूनही जाण्यास सव्वा ते दीड तास लागतो. जहाज बंदरात साधारण आठ ते दहा तास थांबते आणि सुटण्याच्या बरेच आधी परतावे लागते, त्यामुळे असा दिवस बसमध्येच अधिक जातो. याउलट नेपल्सचे बंदर शहराला लागूनच आहे; बार्सिलोनात रांब्ला हा प्रसिद्ध रस्ता बंदरापासून जवळ आहे; माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथे धक्क्यापासून थोड्या अंतरावर असलेली लिफ्ट थेट वरच्या बराक्का बागेपर्यंत नेते; आणि पिरेयसहून अथेन्सच्या मध्यभागी मेट्रोने जाता येते. मार्सेयमध्ये मात्र क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब आहे, हे ध्यानात असू द्यावे. ज्या मार्गावर चालत किंवा साध्या मेट्रोने गाठता येणारी बंदरे अधिक, तो मार्ग कागदावर महाग दिसला तरी अनेकदा स्वस्त पडतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा, पहिल्या जहाजाचे भाडे माणशी ६०० युरो आहे. त्यावर रोजचे सेवाशुल्क १२ युरो धरले तर सात दिवसांचे ८४ होतात. रोम आणि फ्लॉरेन्सला जहाजाच्या बसने जाण्याचे प्रत्येकी ७० प्रमाणे १४०, वायफायचे ६०, आणि जेवणाच्या टेबलावरील बाटलीबंद पाण्याचे व किरकोळ पेयांचे ४० धरावेत. एकूण झाले ९२४. दुसऱ्या जहाजाचे भाडे ९०० युरो, पण त्यात सेवाशुल्क आणि वायफाय आले, आणि बंदरे शहरालगत असल्यामुळे मेट्रोच्या तिकिटांना २० पुरले, म्हणजे ९२०. जाहिरातीत तीनशे युरोंची दरी होती, ती कुठल्या कुठे गेली. काही युरोपीय कंपन्यांच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणात साधे पाणी मोफत मिळत नाही, याचे आपल्याकडील मंडळींना फार आश्चर्य वाटते. मद्याचे पॅकेज तर एकाने घेतले की त्या खोलीतील सर्व प्रौढांना घ्यावे लागते, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. घरात घेणारा एकटा जावईच असेल तर त्याने पेल्याचे पैसे सुटे द्यावेत, हे बरे.

व्हिसाची बाब याहूनही महत्त्वाची आहे. तुमच्याकडे जर्मनीचा वास्तव्य परवाना असल्यामुळे तुमचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागेल. महिनाभरातील बहुतांश मुक्काम जर्मनीत असल्याने अर्जही जर्मनीच्याच व्हिसासाठी करावा, क्रूझ इटलीतून सुटते म्हणून इटलीकडे धाव घेऊ नये. इटली, फ्रान्स, स्पेन, माल्टा आणि ग्रीस हे देश शेंगेन क्षेत्रात आहेत. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून त्यात आला आहे. तुर्कस्तानातील कुशादासी, माँटेनेग्रोमधील कोटोर किंवा ट्युनिशियातील बंदर मार्गावर असेल, तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन परत आत येते, आणि एकदाच प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा तेथे अडचणीत आणतो. चौघांच्याही अर्जांत मल्टिपल एंट्रीच मागावी आणि ती मिळाली आहे का, हे पासपोर्ट हाती येताच स्टिकरवर पाहावे. प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. जहाजावरील डॉक्टरांचे बिल फार मोठे येऊ शकते, शिवाय रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याची वेळ आली तर खर्च आणखी वाढतो. म्हणून रक्तदाब आणि मधुमेहासारखे जुने आजार लपवून काढलेली पॉलिसी म्हणजे केवळ कागद, हे वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

चालण्याच्या क्षमतेचा अंदाज ठाण्यातच घेता येतो. आई-वडिलांना तलावपाळीला दोन फेऱ्या न बसता मारता येत असतील, तर नेपल्स, स्पेनच्या मायोर्का बेटावरील पाल्मा आणि बार्सिलोना त्यांना जड जाणार नाहीत. पॉम्पेई मात्र वेगळे आहे: तेथील रस्ते मोठमोठ्या खडबडीत दगडांचे आहेत, सावली कमी आहे आणि गुडघ्यांची परीक्षा होते. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरावे लागते आणि मग फिरा गावात जाण्यासाठी केबल कारची रांग, अन्यथा शेकडो पायऱ्या. फोटो पाहून सर्वांना सँटोरिनीच हवे असते, पण चौघे ज्येष्ठ बरोबर असताना मी ते सुचवणार नाही. ग्रीसने २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोस येथे उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर ऐन हंगामात माणशी २० युरोंपर्यंतचा आकारही लावला आहे.

खोल्यांबाबत एवढेच सांगेन की, दोन्ही ज्येष्ठ जोडप्यांना लिफ्टजवळच्या, जहाजाच्या मध्यभागी, त्यातल्या त्यात खालच्या मजल्यावरच्या, गॅलरी असलेल्या खोल्या घ्याव्यात, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात आणि मोठ्या जहाजांवरील बोळ संपता संपत नाहीत. तुम्ही त्यांच्या समोरची, खिडकी नसलेली स्वस्त खोली घ्या. संध्याकाळी बसायला त्यांची गॅलरी आहेच.

आता जेवणाविषयी, कारण पत्रात त्याची चिंता सर्वांत जास्त दिसते. अनेक कंपन्या मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी जेवण देतात, परंतु ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे लागते आणि पहिल्या रात्री तेथील प्रमुखाला पुन्हा भेटावे लागते. ‘शाकाहारी’ एवढेच लिहू नये. अंडे, मासे, जिलेटिन चालत नाही, असे एकेक नाव लिहावे, कारण पास्त्यात अंडे आणि पुडिंगमध्ये जिलेटिन असण्याची शक्यता असते. जेवणाच्या दोन पंगती असतात; दुसरी पंगत रात्री नऊच्या सुमारास बसते, आणि साडेसातला गोळी घेऊन आठला जेवणाऱ्या माणसाला ती मानवत नाही, तेव्हा पहिलीच मागून घ्यावी. आगीच्या भीतीमुळे विजेची किटली, इस्त्री आणि छोटा कुकर जहाजावर नेण्यास सहसा मनाई असते. चहापत्ती व चहाचा मसाला न्यावा, दूध आणि गरम पाणी उपाहारगृहात मिळते. कोरडी, बंद पाकिटातील चिवडा-चकली बहुधा चालते. घरी केलेल्या गुळपोळीचा डबा मात्र काढून घेतला जाण्याची तयारी ठेवावी.

मे महिन्याची निवड योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भाडे, ऊन आणि गर्दी तिन्ही वाढतात, शिवाय एजियन समुद्रात त्या काळात मेल्टेमी नावाचे जोराचे वारे वाहतात आणि होडीने उतरायची बंदरे ऐनवेळी वगळली जातात. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरही चांगला. म्युनिकहून रेल्वेने जाता येईल असे जेनोआ हे सुटण्याचे ठिकाण निवडल्यास सर्वांचे विमानभाडे वाचेल, मात्र आदल्या दिवशी पोहोचून तेथे मुक्काम करावा, कारण जहाज कोणाच्या उशिरा आलेल्या गाडीसाठी थांबत नाही.

बुकिंग सर्वांचे एकाच ठिकाणाहून करावे, म्हणजे खोल्या आणि जेवणाचे टेबल एकमेकांना जोडून मिळतात. ठाण्यातील एजंटाकडून परदेशी टूरचे पॅकेज घेतल्यास टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच एजंटाने गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण निवृत्त माणसाची रक्कम तेवढे महिने अडकून पडते. तुम्ही म्युनिकहून स्वतःच्या कार्डाने पैसे भरलेत, तर ही भानगडच नको.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तर क्रूझची पूर्ण रक्कम साधारण दोन ते तीन महिने आधी भरावी लागते. या दोन तारखांमध्ये व्हिसाचा निकाल लागेल, अशा बेताने मुंबईतील केंद्राची भेट ठरवावी. थोडे अधिक पैसे पडले तरी अनामत परत मिळणारेच भाडे घ्यावे, आणि चौघांचेही पासपोर्ट घरी येईपर्यंत उरलेली रक्कम भरू नये.