‘माधवरावांसारखा नवरा दाखवा’ म्हणणारी मुलगी

‘मुलगी 24 वर्षांची, नोकरीला. माधवराव पेशव्यांवरची मालिका सुरू झाल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नाही. एपिसोड संपला की रडते, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर तेच प्रसंग पुन्हा बघते. स्थळ सांगून आलं की म्हणते, माधवरावांसारखा दाखवा. अडीचशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसात इतकं गुंतणं बरं आहे का?’ हा आईचा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) माधवरावांच्या जागी संभाजी महाराज किंवा राणी लक्ष्मीबाई घाला, प्रश्न तोच राहतो.

पडद्यावरच्या माणसाबद्दल एकतर्फी जवळीक वाटणं हा आजार नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी 1956 मध्येच या नात्याचं वर्णन करून ठेवलंय. रोजची मालिका त्याला खतपाणी घालते: ठरलेली वेळ, तोच चेहरा जवळून, तेच पार्श्वसंगीत. शिवाय हा माणूस कधी उलटून बोलत नाही. ऐतिहासिक मालिकेत शेवटही आधीच ठाऊक असतो. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला, वयाच्या 27व्या वर्षी, क्षयाने माधवराव जाणार हे माहीत असूनच बघायला बसायचं. म्हणून रडणं मृत्यूच्या एपिसोडच्या कितीतरी आधी सुरू होतं.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत आईला बाहेर बसवून चार गोष्टी विचारल्या जातात: झोप, जेवण, काम आणि मैत्रिणी. मग आणखी दोन. माधवराव आपल्याशी बोलतात, खुणा पाठवतात असं वाटतं का? आणि मरणाचा विचार येतो का? माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, त्यामुळे दुसरा प्रश्न आडवळणाने नाही, सरळच विचारायचा. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, आणि मरणाच्या विचाराबद्दल ‘हो’ असेल तर त्याच दिवशी. इथे दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली. बिघडली होती ती फक्त झोप.

घरच्यांचे उपाय करून झाले होते. भावाने ॲप काढून टाकलं, वडील ‘पेशवीणबाई’ म्हणून चिडवू लागले. परिणाम एवढाच, की बघणं बाथरूममध्ये सुरू झालं.

म्हणून बंदी मालिकेवर नाही, तुकड्यांवर घातली. पूर्ण एपिसोडमध्ये कथा पुढे सरकते, रडू येतं आणि ओसरतं. तीन मिनिटांच्या क्लिपमध्ये फक्त भावनेचं टोक असतं. मन उतरायला लागतं तोवर ॲप पुढची क्लिप समोर आणतं. तेव्हा एपिसोड एकदाच, ठरलेल्या वेळी, हॉलमध्ये दिवा लावून. त्यानंतर पंधरा मिनिटं हाताला काम: कपड्यांच्या घड्या, उद्याची बॅग. साडेदहाला मोबाइल खोलीबाहेर चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ. पहिल्या तीन-चार रात्री तळमळ वाढते आणि नेमकं तेव्हाच घरचे ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात.

सोबत दोन आठवडे वही. पुन्हा बघावासा वाटलेला प्रसंग, त्याआधी दिवसभरात काय घडलं, भावनेचा जोर दहापैकी किती, झोप किती वाजता. शिवाय एका कागदावर तीन रकाने. ‘इतिहासात आहे’: सोळाव्या वर्षी पेशवेपद, 1762 मध्ये आळेगावला काका राघोबांपुढे घेतलेली माघार, 1763 ची राक्षसभुवनची लढाई, 1768 मध्ये धोडपला राघोबांचा पराभव आणि मग त्यांची शनिवारवाड्यातली नजरकैद. ‘मालिकेने रचलं’: शयनगृहातले सगळे संवाद. ‘मी भरलं’ या रकान्यात तिनेच लिहिलं, ‘ते बायकोला कधीच दुखावणार नाहीत.’ हा कागद माधवरावांना खोटं ठरवायला नाही. तसा प्रयत्न केला तर माणूस चिडतो आणि त्याची ओढही कमी होत नाही.

वहीत प्रेमाचे प्रसंग फारसे नव्हतेच. पुन्हा पुन्हा बघितले जात होते ते माधवराव काकांना आणि कारभाऱ्यांना ठामपणे ‘नाही’ सांगतात ते. आणि जोर आठ-नऊवर गेलेले बहुतेक दिवस घरात स्थळाचा विषय निघालेले होते. तिला दोन वर्षं परीक्षेसाठी हवी होती. हे सांगितलं तर घरात वाद झाला असता. ‘माधवरावांसारखा दाखवा’ यावर वाद घालणार कोण? (दर वेळी खाली असं काही दडलेलं असतंच असं नाही. कधीकधी मालिका नुसती चांगली असते. उगाच खणत बसणं ही आमच्या व्यवसायातली खोड.)

मग सराव झाला तो एका वाक्याचा: ‘मला दोन वर्षं लग्न करायचं नाही, तोवर स्थळं थांबवा.’ आधी मोठ्याने एकटीने, मग आईसमोर. आईने पाच मिनिटं उत्तर न देता ऐकायचं, एवढीच अट. आईला ती अवघड गेली.

शेवटचा आठवडा आधीच आखून ठेवला. मृत्यूचे एपिसोड भावासोबत बघायचे. सतीचा प्रसंग नको वाटला तर उठून जायचं. मालिका संपल्यावर तो रिकामा अर्धा तास एक-दोन आठवडे टोचतो, म्हणून त्या वेळेला मैत्रिणीबरोबर चालणं ठरवलं. थेऊरला जायचं म्हणाली तर जाऊ द्यावं का, हे आईने विचारलंच. जरूर जाऊ द्यावं, दिवसाउजेडी आणि कुणाला तरी बरोबर घेऊन. नातेवाइकांनी स्थळाचं विचारलं तर ‘दोन वर्षं थांबलोय’ हे उत्तर आईने द्यायचं, मुलीने नाही.